दाई निघाली काठमांडूला

ही सहल मी ओवाळणीत मिळवली. भाऊबीजेला माझा भाऊ संजय सुरतेत उधन्याला माझ्या घरी आला. मी त्याला ओवाळलं आणि त्याचा हात खिशाकडे जायच्या आत म्हटलं, "पाकीट राहू दे. यंदा मला वेगळं काही हवंय. आईला घेऊन मी काठमांडूला जाणार, आणि तू आडवं यायचं नाही."

तो पाटावरून पडायचाच बाकी होता.

मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल, बाई नुसती हौशी आहे. हौशी मी आहेच. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, दिवाळीची सुट्टी भरपूर असते, आणि घरात बसून फराळाचे डबे पुसायचा मला कंटाळा आहे. पण या वेळी हौसेपेक्षा मोठं कारण होतं. संजय पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. त्यानं मिलजवळ नवीन फ्लॅट घेतला, चौथ्या मजल्यावर. तो आणि वहिनी दोघं दिवसभर कामावर, पोरं शाळेत. आई आजवर त्याच्याबरोबर भेस्तानच्या जुन्या खोलीत राहत होती. आता तिचं काय करायचं? संजयनं ठरवून टाकलं की तिला गावी, खान्देशात पारोळ्याकडे, काकांच्या घरी पोचवायची आणि भेस्तानची खोली भाड्यानं द्यायची.

त्याला वाईट म्हणू नका. तो घाबरलेला होता. आबा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर आई जरा गप्प झाली, आणि गेल्या उन्हाळ्यात तिनं एक पराक्रम केला. डिंडोलीला मावशीकडे जायला म्हणून बसमध्ये बसली आणि उतरली थेट शहराबाहेर चलथाणला. साखर कारखान्यापाशी एका रसवाल्याकडे बसून राहिली. त्यानं फोन केला म्हणून सापडली. तेव्हापासून संजयचं एकच पालुपद: आई हरवते.

मी म्हणाले, "गावी न्यायची का नाही, ते तिला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणते, तुम्हीन सांगशात तसं."

म्हणजे तुम्ही सांगाल तसं. आईच्या तोंडून हे वाक्य आलं की समजावं, तिच्या मनात भलतंच काही आहे. पण ते काय, हे तिला विचारून कधी कळत नाही. मग मी पैजच लावली. परक्या देशात नेऊन आईला न हरवता, न धडपडता परत आणली, तर ती भेस्तानच्या खोलीत राहील आणि संजयनं गावाचं नाव काढायचं नाही. मी शाळेतून येताजाता तिच्याकडे डोकावत जाईन.

"आणि हरवली तर?" त्यानं विचारलं.

"तर मी तोंड उघडणार नाही. तू म्हणशील ते."

मी तोंड उघडणार नाही, हे आमिष त्याला फारच मोठं वाटलं असावं. तो लगेच हो म्हणाला.

काठमांडू, पहिली संध्याकाळ

विमानाचं मी सांगत बसत नाही. आईनं खिडकीची जागा घेतली, सीटबेल्ट सोडलाच नाही, आणि दिल्लीच्या पुढे उत्तरेला बर्फाची शिखरं दिसली तेव्हा माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "हाई काय शे?" असं तिनं विचारलं, आणि हिमालय म्हटल्यावर हात जोडले. मीही जोडले. मी पोरांना भूगोलात हिमालय कितीदा शिकवला असेल, पण तो खरोखर असतो हे मला त्या दिवशी कळलं.

काठमांडूला उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. आईला याचं फार हसू आलं. एवढ्याशा वेळासाठी कशाला वेगळा देश करायचा, असं तिचं म्हणणं.

आणि मग पाट्या! सगळं देवनागरी. परदेशात आलोय आणि वाचता येतंय, याचा मला इतका आनंद झाला की टॅक्सीतून मी मोठमोठ्यानं पाट्याच वाचत सुटले. वाचता येतं, पण समजतं असं नाही, हे कळायला एक संध्याकाळ पुरली. हॉटेलच्या गल्लीत पाटी होती, 'खाजा घर'. आईला खाजा म्हणजे जीव की प्राण. पाकातला, पापुद्र्यांचा, लग्नाच्या रुखवतात ठेवतात तो. आम्ही दोघी मोठ्या अपेक्षेनं आत जाऊन बसलो. समोर आली ती ताटली, तिच्यात कोरडे पोहे, सोयाबीन, बटाट्याची लाल तिखट भाजी आणि लोणचं. नेपाळीत खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. आई आधी हिरमुसली, मग चाखून बघितलं, मग माझ्याही ताटलीतले बटाटे घेतले. मिरची त्यांना टाकता येते, एवढं प्रमाणपत्र तिनं दिलं. खान्देशी बाईकडून हे मिळणं सोपं नाही.

तिथेच पहिल्यांदा ते झालं. मागच्या टेबलावरच्या मुलीनं गल्ल्यावरच्या माणसाला हाक मारली, "दाइ!" आणि आईनं घास खाली ठेवून मागं वळून पाहिलं. "काय व? कोन बलावस?"

आता हे तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. माझ्या आईचं नाव सिंधू आहे, पण भेस्तानच्या वस्तीत त्या नावानं तिला कोणी ओळखत नाही. ती दाई. आम्ही लहान होतो तेव्हा दवाखाना लांब, रिक्षा मिळायची मारामार. खान्देशातून लूम्सवर, म्हणजे यंत्रमागांवर, कामाला आलेल्या बाया, ओडिशाच्या, यूपीच्या, सगळ्यांची बाळंतपणं आईनं केली. दारात कोणी "दाई" म्हटलं की हातातलं पीठ तसंच ठेवून ती निघायची. आम्ही भावंडं अर्धवट थापलेल्या भाकरी भाजायला शिकलो ते यामुळेच. आता सगळ्या बाया दवाखान्यात जातात, आणि जावंच. हाक मात्र बंद झाली.

मी तिला सांगितलं की नेपाळात दाइ म्हणजे मोठा भाऊ. दुकानदार, ड्रायव्हर, वेटर, ज्याला त्याला दाइ म्हणतात.

"मानूसले दाई म्हनतस?" आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. इतकी हसली की गल्ल्यावरचा दाइ चौकशी करायला आला. आबा गेल्यानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पण हसणं वेगळं आणि कान वेगळे. हॉटेलवर परत येईपर्यंत रस्त्यात ती निदान पाच-सहा वेळा वळली.

स्वयंभूची टेकडी

दुसऱ्या दिवसाची सहल मी सुरतेतूनच ठरवली होती. लहान गट, एक गाइड, एक व्हॅन, एका दिवसात राजधानी. मोठ्या बसच्या सहलीत आईला नेणं मला नको होतं. सहा जणांत माणूस हरवून हरवून किती हरवणार, असा माझा हिशेब.

व्हॅनमध्ये आमच्याखेरीज चेन्नईचे राघवन काका आणि सरोजाअम्मा होते, आणि कलकत्त्याच्या दोन मैत्रिणी, दोघी कॉलेजात शिकवणाऱ्या. गाइडचं नाव कृष्णमान. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर ठिपक्याठिपक्यांची नेपाळी टोपी, हिंदी आपल्या सुरतेच्या रिक्षावाल्यांपेक्षा शुद्ध. त्यानं आईला पाहिल्याबरोबर "आमा" म्हणून नमस्कार केला आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं. झालं, आई दिवसभर त्याच्या बाजूची.

गाडी टेकडीवर मागच्या बाजूनं जाते, त्यामुळे पायऱ्या थोड्याच चढाव्या लागतात. तरी आई प्रत्येक टप्प्यावर थांबायची, गुडघ्यासाठी नव्हे, बघण्यासाठी. खाली सगळं काठमांडूचं खोरं, विटांच्या रंगाची घरं, आणि लांब डोंगरांच्या मागं पांढरी रेघ. वर स्वयंभू स्तूपाचा तो प्रचंड पांढरा घुमट आणि त्याच्यावर चौकोनात चारी दिशांना रंगवलेले डोळे. बुद्धाचे. आई बराच वेळ डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली.

"कान कथा गयात?" तिनं विचारलं. मी कृष्णमानला हिंदीत सांगितलं, आई विचारतेय की कान कुठे गेले.

तो खूश झाला. म्हणाला, "आमा, बुद्धांना स्वतःचं कौतुक ऐकायचं नव्हतं, म्हणून कान काढलेच नाहीत, असं आमच्याकडे सांगतात."

आईला हे पटलं नाही. कान नसले तर लोकांची गाऱ्हाणी कशी ऐकणार, असं तिनं मला सांगितलं आणि मी ते त्याला सांगितलं. कृष्णमाननं टोपी सरळ केली आणि म्हणाला की एवढ्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात माकडानं माझी पिशवी ओढली. सुरतेहून आणलेला मेथी खाखऱ्याचा अख्खा पुडा घेऊन ते घुमटाच्या कडेला जाऊन बसलं, एकेक खाखरा काढून वास घेतला आणि खाली टाकून दिला. राघवन काका छत्री उगारून त्याच्या मागं धावले, सरोजाअम्मा काकांच्या मागं. कलकत्त्याच्या दोघी फोटो काढत होत्या. मला खाखरा गेल्यापेक्षा त्याला आवडला नाही याचंच जास्त वाईट वाटलं.

उतरताना मी शाळेच्या सहलीसारखं सगळ्यांना मोजलं. सवयच आहे. सहा. आई पहिली गाडीत.

वसंतपूर ते असन

जुन्या राजवाड्याच्या चौकात, वसंतपूरला, मी वेडी व्हायची बाकी राहिले होते. लाकडाच्या खिडक्या अशा कोरलेल्या की दिवसभर एकाच खिडकीसमोर बसावं. भूकंपात पडलेली देवळं पुन्हा उभी केलेली, काही ठिकाणी नवं लाकूड अजून फिकट. दिवाळीला तिथे तिहार म्हणतात. पूजा कावळ्याची आणि कुत्र्याचीही करतात. अजून कुठे कुठे कुत्र्यांच्या गळ्यात सुकलेल्या झेंडूच्या माळा होत्या. भाऊबीज त्यांच्याकडेही आहे, बहीण भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावते. कृष्णमाननं विचारलं, "तुमच्याकडे भाऊ बहिणीला काय देतो?" मी म्हणाले, "मला यंदा काठमांडू दिलं." त्याला वाटलं, भाऊ फारच श्रीमंत आहे.

तिथून इंद्रचोकमार्गे असनपर्यंत आम्ही चालत निघालो. ही सगळी बाजाराची अरुंद वाट. पोतीच्या म्हणजे काचमण्यांच्या माळांची दुकानं, पितळेची भांडी, लोकरीच्या शाली. एका दुकानदारानं आमच्या साड्या बघून हाक दिली, "सुरतको साडी, दिदी, सुरतको!" एवढे डोंगर ओलांडून यायचं आणि सुरतेच्याच रिंग रोडवरची साडी बघायची. मी त्याला सांगितलं की आम्ही सुरतेहूनच आलोय. तो म्हणाला, मग तर भाव तुम्हीच सांगा.

असन म्हणजे सहा रस्ते एकमेकांवर येऊन आदळतात तो चौक. मधोमध अन्नपूर्णेचं छोटं देऊळ, भोवती भाजीवाल्या, मसाल्याची पोती, हातगाड्या, मोटरसायकली, पाठीवर कपाट बांधून चाललेले हमाल, आणि या सगळ्यांतून आपली घंटा वाजवत देवाला जाणारे लोक. आवाज असा की सुरतेचा चौटा बाजार त्यापुढे वाचनालय. मला तर नाचावंसं वाटत होतं. कृष्णमान अन्नपूर्णेची गोष्ट सांगत होता, आम्ही त्याच्याभोवती गोल करून उभे होतो. मी एका पोत्यातल्या तिमूर नावाच्या मसाल्याचे दाणे चावून बघितले आणि माझी जीभ बधिर झाली. मी थू थू करत वळले, आईला सांगायला.

आई नव्हती.

मी मोजलं. पुन्हा मोजलं. राघवन काका, सरोजाअम्मा, दोघी मैत्रिणी, मी. आईचा फोन व्हॅनमध्ये, चार्जिंगला. हॉटेलचं कार्ड माझ्या पर्समध्ये. तिला नेपाळी येत नाही, हिंदी मोडकी. आणि सहा रस्ते.

डोळ्यांसमोर संजयचा चेहरा आला. तो रागावलेला नव्हता, तेच वाईट होतं. तो फक्त मान हलवत होता, आणि त्याच्यामागं आई एका लाल एसटीत बसून पारोळ्याला चालली होती. मी रडायला लागले असते, पण रडायला उभं राहावं लागतं आणि मला पळायचं होतं.

कृष्णमाननं मात्र क्षणात वाटण्या केल्या. कलकत्त्याच्या दोघींना परतीच्या वाटेवर, राघवन काकांना उत्तरेच्या रस्त्याला, स्वतः भोटाहिटीला जाणाऱ्या रस्त्याकडे. सरोजाअम्मांना देवळापाशी उभं केलं, आई परत आली तर दिसावी म्हणून. ज्यांची आईशी ओळख फक्त सकाळपासूनची, ते सगळे आपापल्या भाषेत हाका मारत गर्दीत घुसले. राघवन काका छत्री उंच धरून "अम्मा, अम्मा" करत होते.

मी "आई! आई!" करून ओरडत सुटले. कोणी बघितलंसुद्धा नाही. नेपाळीत आईला आमा म्हणतात, माझ्या ओरडण्याचा अर्थच कोणाला लागत नव्हता. आणि खरं सांगायचं तर आमच्या आईलाही या हाकेची सवय नाही. आयुष्यभर तिच्या कानावर एवढी "आई गं" पडली आहे, वेणा देणाऱ्या बायांची, की त्या शब्दाला ती जागची हलत नाही. लहानपणीही आम्हाला तिला बोलवायचं असलं की वस्तीतल्या लोकांसारखीच हाक मारावी लागे.

मी थांबले. चौकाच्या मधोमध, देवळाच्या पायरीवर चढले, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवते तो आवाज काढून ओरडले, "दाई!"

असनमधले सगळे पुरुष माझ्याकडे वळले.

अतिशयोक्ती करत नाहीये. भाजीवाले, हमाल, मोटरसायकलवाले, पितळेच्या दुकानातले, टोपीवाले, बिनटोपीचे. "हजुर?" "के भयो?" म्हणजे काय झालं. पाठीवर फ्रिज बांधलेला एक हमाल तर फ्रिजसकट वळला. मला लाज वाटायला वेळ नव्हता. मी पुन्हा ओरडले, "ए दाई!" आणखी काही माना वळल्या. आणि त्या सगळ्या मानांच्या पलीकडे, मसाल्याच्या एका बोळकांडीतून, पोत्यांच्या मधून एक हिरवा पदर आणि माझ्या आईचं तोंड बाहेर आलं.

"काय व? कसाले वरडस?"

जीव भांड्यात पडला म्हणतात ते पुरेसं नाही. पायरीवरून मला एका भाजीवाल्या दाइनं उतरवलं. मी धावत जाऊन आईला मिठी मारली आणि मग तिला झाडायला सुरुवात केली. कुठे गेली होतीस, न सांगता कशी गेलीस, हरवली असतीस तर.

"मी कथं हरवनू? मी ते आठेच बठेल शे," आई म्हणाली. मी इथेच तर बसलेय.

झालं होतं असं. कृष्णमानची गोष्ट चालू असताना मसाल्याच्या दुकानातली बाई आतून जोरात ओरडली होती, "ए दाइ, यता, छिटो!" इकडे ये, लवकर. ती बोलवत होती हमालाला. आवाजात घाई होती, बाईचा आवाज होता, आणि हाक दाईची होती. आईचे पाय निघाले. तिथे पोचल्यावर चूक तिच्या लक्षात आली, पण त्या बाईनं तिला स्टूल दिलं, चहा दिला. समोर ओव्याचं पोतं होतं. आईनं त्यातला चिमूटभर ओवा हातावर घेतला आणि बाळ खांद्यावर घेतल्याचा अभिनय केला. ती बाई ओरडली, "ज्वानो! सुत्केरी!" आणि टाळी दिली. म्हणजे ओवा, बाळंतीण; त्यांच्याकडेही बाळंतिणीला ओव्याचं पाणी देतात. झालं, दोघींच्या गप्पा सुरू. एक नेपाळीत, एक अहिराणीत. तिच्या सुनेला नुकताच मुलगा झाला आहे, दूध कमी येतं, हे सगळं आईला कळलं होतं. मला त्या दुकानाचं नावही वाचायला सुचलं नाही.

"पण मला सांगून जायचं ना," मी म्हणाले.

"हाक वनी ते जानं पडस," आई म्हणाली. हाक आली की जावं लागतं. एवढं साधं होतं ते तिच्यासाठी.

एकेक करून सगळे परत आले. सरोजाअम्मांनी आईचे दोन्ही गाल धरून तिला तामिळमध्ये झकास झापलं आणि आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. कृष्णमान घामानं भिजून आला, आईला बघितलं आणि नुसता तिच्या पाया पडला. मसालेवाल्या बाईनं सगळ्यांना चहा पाजला. राघवन काकांनी विचारलं, तुमची आई आहे तर तिला दाई का म्हणता? मी सांगितलं. मग कृष्णमाननं ते नेपाळीत मसालेवाल्या बाईला सांगितलं, तिनं शेजारच्या दुकानात, आणि बघता बघता त्या बोळात सगळे आईकडे बघून हसत होते, नमस्कार करत होते. आई लाजून लाल झाली होती. तिला मी इतकी देखणी कधी पाहिली नव्हती.

बागमतीच्या काठी

जेवायला उशीर झाला. डाळ, भात, तरकारी, आणि गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची आमटी. आंबट, उग्र, चटक लावणारी. आईनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून सगळ्यांच्या ताटात वाढली. कलकत्त्याच्या दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा मागितली. उशिरामुळे 'बौद्ध' नावाच्या ठिकाणच्या मोठ्या स्तूपाला एकच प्रदक्षिणा झाली, आणि कोणी एका शब्दानं कुरकुर केली नाही.

संध्याकाळी पशुपतिनाथ. आत दर्शन झालं, मग नदीपलीकडच्या पायऱ्यांवर आरतीला बसलो. समोरच्या घाटावर एक चिता विझत आली होती, तिच्याजवळचे लोक शांतपणे उभे होते, आणि अलीकडे तीन पुजारी मोठाले दिवे हातात घेऊन तालात फिरवत होते. घंटा, डमरू, भजन, लोक टाळ्या वाजवत होते, काही उठून नाचत होते. जन्मभर जन्माच्या बाजूला राहिलेली माझी आई त्या चितेकडे बघत टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, एवढं बघायला मिळालं, आता काही मागणं नाही.

पण मागणं होतंच. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आजचं संजयला सांगायचं नाही हं."

ती टाळ्या वाजवतच राहिली.

"आणि एक सांग मला. तुला गावी जायचंय का? तुझं तू सांग. आम्ही सांगू तसं नको."

आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "आरती व्हऊ दे," म्हणाली.

आरती झाली, आम्ही उठलो, पादत्राणं शोधली, व्हॅनमध्ये बसलो. कृष्णमाननं निरोप घेताना आईला झेंडूची माळ घातली. उत्तर राहूनच गेलं. मी पुन्हा विचारलं नाही, भीती वाटली.

सुरत

उरलेले दिवस आम्ही नुसत्या भटकलो आणि आईला मी अक्षरशः पदराला धरून फिरवलं. विमान सुरतेला उतरलं तेव्हा माझी तयारी पूर्ण होती: आई धडधाकट, बॅगा धडधाकट, पैज जिंकली. संजय गाडी घेऊन आला होता. त्यानं आईला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "त्रास नाही ना झाला?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी हरवनू व्हतू."

सरळ. गाडीचं दार लावायच्या आधी. मी हरवले होते. संजयनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिला होता, तोंड उघडणार नाही. मी खिडकीबाहेर बघायला लागले. डोळे भरून आले होते आणि मला ते त्याला दाखवायचे नव्हते.

"बघ," संजय हळूच म्हणाला. "म्हणूनच मी म्हणत होतो. आई, गावी काका आहेत, घर माहितीचं आहे, रस्ता एकच आहे. तिथे तू हरवणार नाहीस."

गाडी मगदल्ल्याच्या पुढे आली तशी आईनं पदर सारखा केला. मग तिनं बोलायला सुरुवात केली. असन कसं होतं, ओव्याचं पोतं, छत्रीवाले काका कसे अम्मा अम्मा करत फिरले, कृष्णमान कसा घामानं भिजला, भारती, म्हणजे मी, पायरीवर चढून कशी ओरडली. सगळं, एकही गोष्ट न गाळता. एवढं सलग बोललेली मी तिला कितीतरी दिवसांनी ऐकत होते. संजयला हसू आवरत नव्हतं. फ्रिजसकट वळलेल्या हमालाचं ऐकून तर त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

गाडी उभी होती, तो डोळे पुसत होता, तेव्हा आई म्हणाली, "गावले मी हरवनू, ते माले कोन धुंडी?"

गावात मी हरवले, तर मला कोण शोधेल?

संजयचं हसू थांबलं. त्यानं आईकडे बघितलं.

"मी आठेच ऱ्हासू," आई म्हणाली. मी इथेच राहणार. तुम्ही सांगाल तसं नाही, काही नाही. इतक्या वर्षांत आपल्यासाठी काही मागितलेलं मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही मागितलं नव्हतं, सांगितलं होतं.

संजयनं रुमाल खिशात ठेवला. मग त्यानं गाडी सुरू केली आणि वळणावर पलसाण्याचा हायवे सोडून भेस्तानच्या रस्त्याला घेतली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "खोलीची चावी तुझ्या वहिनीकडे आहे. आधी ती आणावी लागेल."

"एक मनाकडे शे," आई म्हणाली, आणि कमरेच्या पिशवीत हात घालून तिनं चावी काढली. ती काठमांडूला जाऊन आली होती, हे मला तेव्हा कळलं.